हजेरीपटात नसलेला रकाना

गेल्या श्रावणात, पोळा चार दिवसांवर आला असताना, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्याकडे चाकणच्या बाजूस एका कारखान्यात तो सहा वर्षे कामाला होता. कारखान्याला कुलूप लागले आणि हा बायको, एक मूल आणि दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. कामगार विम्याच्या योजनेतून बेकारीचा भत्ता मिळावा म्हणून त्याने अर्ज केला होता. चहाचा कप खाली ठेवीत त्याने विचारले, "सर, खामगावला वायरमनचा पूर्ण दिवसाचा वर्ग आहे. फी माझी मीच भरणार, सोनाराकडे जाऊनसुद्धा आलो. पण लोक म्हणतात, वर्गाला जातो असं कळलं की तू बेकार राहत नाहीस, भत्ता बंद होतो. हे खरं आहे का?"

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, पुढे चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि खडू हातात घेतला तो घेतलाच. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण त्यातही कोर्टाचा प्रसंग येऊ लागला की मी घाईघाईने प्रकरण संपवतो. कायद्याची माझी जाण इतकीच. "चौकशी करून सांगतो," असे म्हणून मी त्याला वाटेला लावले.

तो गेला, पण प्रश्न गेला नाही. कारण हाच प्रश्न वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता आणि माझ्या आईने तो कोणालाही न विचारता टिकावाने सोडवला होता. ती हकीगत सांगणारच आहे. परंतु ती नीट कळायची तर वाचकांना थोडे मागे, पार आपल्या पणजोबांच्या काळात यावे लागेल.

'भत्ता' हा शब्द अलीकडचा. आमच्याकडची म्हातारी माणसे 'रिलीफ' म्हणत. "रिलीफच्या कामावर होतो" असे म्हणताना त्यांच्या आवाजात लाज नसे, अभिमानही नसे; पाऊस पडला किंवा पडला नाही असे सांगावे तसे ते सांगत. वऱ्हाडाला १८९६-९७ चा दुष्काळ बसला आणि त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा, 'छप्पन्नचा' दुष्काळ आला. त्या वेळी वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभाराखाली होते. मध्यप्रांताशी ते जोडले गेले ते पुढे १९०३ साली. लोक उपाशी होते आणि सरकारने कामे काढली होती. रस्ते, तलाव, आणि मुख्य म्हणजे खडी.

ही खडी काही एकदम सुचलेली कल्पना नव्हती. तिच्यामागे एक तत्त्वज्ञान होते. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या साहेबाने धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असा हिशेब मांडला. मुंबई इलाख्यातले मजूर त्या मजुरीवर आणि लांबलांबच्या कामांवर पाठवण्याच्या हुकमावर इतके संतापले की हजारोंनी कामे सोडून चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. त्या नियमांच्या मुळाशी एकच काळजी होती. खरा भुकेला कोणता आणि फुकटखाऊ कोणता, हे ओळखायचे कसे? घरोघर चौकशी करायला माणसे नाहीत. तलाठ्या-पाटलांवर विश्वास नाही. तेव्हा उपाय सोपा काढला. काम कष्टाचे ठेवायचे, मजुरी जेमतेम पोट भरेल इतकीच ठेवायची, आणि काम शक्यतो घरापासून दूर काढायचे. एवढे करूनही जो येईल तो गरजू. जो येणार नाही त्याचे काही अडलेले नाही.

आजच्या वाचकाला हा निर्दयपणा वाटेल आणि तो होताच. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या परीक्षेत मामलेदाराची मर्जी लागत नव्हती आणि जातही विचारली जात नव्हती. तुमचे शरीर उन्हात हजर असले की पुरे. मदतीचा हक्क शरीराच्या हजेरीला जोडला गेला तो तेव्हा, आणि ही गाठ पुढे शंभर वर्षे कोणाला सुटली नाही.

तिला पहिला धक्का दिला तो विणकरांनी. कोष्टी, साळी यांच्या मागावर दुष्काळात सूत नसे, कापडाला गिऱ्हाईक नसे. खडीवर गेले तर हाताची बोटे अशी निबर होत की दुष्काळ संपल्यावर धागा हाती धरता येईना. म्हणजे पोट वाचवायचे तर हुन्नर मारायचा! अशांना त्यांच्याच मागावर काम देऊन जगवावे, हा विचार त्या काळातच पुढे आला आणि काही ठिकाणी तसे केलेही गेले. पण तो अपवाद म्हणून. बाकी सर्वांना घण आणि पाटी.

आता माझ्या पगारपत्रकाकडे येतो. दर महिन्याला माझ्या पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दर फेब्रुवारीला एक ठरलेला विनोद होतो: महिना आधीच अठ्ठावीस दिवसांचा, त्यात कापतात मात्र शंभर जास्त! मीही हसतो. पण हा कर कशासाठी निघाला हे आमच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने आणि व्यापाऱ्याने भरायचा, तितकीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या बेकाराला काम द्यायचे. त्यात सगळ्यात मोठा वाटा अर्थातच मुंबईचा असे. मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसलेला कारकून आणि आमच्या घाटावरच्या नाल्यात माती खणणारी बाई यांची अशी गाठ कायद्याने घातली होती. दोघांनाही ती माहीत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

योजनेचे जनक वि. स. पागे. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, संतवाङ्मयात रमणारे गृहस्थ. १९६० पासून अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात हा प्रयोग करून पाहिला. कल्पना दिसायला साधी: जो काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे. दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या विदर्भातल्या पुसदचे. १९७२ साली ही योजना राज्यभर जाहीर झाली आणि जाहीर होते तोच तो प्रचंड दुष्काळ आला. योजना बाजूला राहिली आणि दुष्काळी कामांचा महापूर लोटला. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती.

माझी आजी त्यांत होती. तांबड्या मिलोच्या भाकरीची आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची गोष्ट तिने आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितली की मिलो मी कधी खाल्ला नसतानाही त्याची चव मला सांगता येते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी भाकरीला धड चिकटत नसे. आजी म्हणे, "थे भाकर तव्यावरच रुसे."

पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, तो दिवसाला एक रुपयापेक्षा कमी नसावा, असे त्यात होते. एक रुपया! त्यात त्या काळीही कोणाचे घर चालले नसते. मला वाटते, तो रुपया मजुराच्या पोटासाठी नव्हताच. तो सरकारला लाज वाटावी म्हणून होता. भत्ता द्यावा लागला म्हणजे कोणा अधिकाऱ्याकडून काम काढायचे राहिले, असा त्याचा अर्थ होई. त्यामुळे भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडे. काम कोठे तरी काढले जाई, निदान कागदावर तरी.

आणि काम म्हणजे कोणते? अंगमेहनतीचे, अकुशल. पाझर तलाव, नालाबांध, रस्ता, खडी. पागेसाहेबांनी टेंपलसाहेबांचा निर्दयपणा काढून टाकला, मजुरी वाढवली, बायांना पुरुषांइतकीच मजुरी दिली, कामावर पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी सोय ठेवली. कामाला हक्काचे रूप दिले, ही तर फारच मोठी गोष्ट. परंतु जुन्या गाठीचा एक पदर तसाच राहिला. तुम्ही मातीत हजर असलात तर तुम्ही गरजू. दुसरीकडे कोठेही असलात, मग ते शाळेत का असेना, तर तुम्ही नाही.

आता आईची गोष्ट.

साल २००२-०३. पावसाने दगा दिला होता. वडील आदल्या वर्षी वारले होते. दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात तुरीच्या काड्या उभ्या. मी मॅट्रिक होऊन काही वर्षे इकडेतिकडे मजुरी केलेली. आणि त्याच वर्षी खामगावच्या एका वर्गात चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला माझे नाव लागले होते. राहायला आत्याकडे, जेवायलाही तिथेच. पण फी, कागद, रंग, सगळे आपले आपण. आईने आणि मी, दोघांनीही गावात काम मागणीचा अर्ज, तो 'नमुना चार', भरून दिला होता. हिवाळा संपता संपता गावाजवळच्या नाल्यावर बांधाचे काम निघाले आणि हजेरीपटावर आम्हा दोघांची नावे चढली.

मी आईला म्हटले, "वर्ग सोडतो. पुढच्या वर्षी पाहू."

ती म्हणाली, "तू जाय खामगावले. तुह्या वाटची खंती मी खंदतो." (आमच्या वऱ्हाडात बायासुद्धा 'जातो', 'करतो' असेच म्हणतात, बाहेरचे वाचक चकतात म्हणून सांगितले.)

मी सोमवार ते शनिवार खामगावला. शनिवारी रात्रीच्या गाडीने गावी येई आणि कामाच्या सुटीचा दिवस रविवार नसला तर त्या एका दिवशी मी खरोखर कामावर असे. उरलेले पाच दिवस हजेरी घेणारा कारकून माझ्या नावापुढे हजर म्हणून खूण करी. तो का करी? पैसे खाऊन नव्हे. आईजवळ त्याला द्यायला काही नव्हते. मजुरी मापावर होती. जितकी माती खणली तितके पैसे. खणताना मध्ये मातीची एक ढेप न खणता राखायची, तिच्या उंचीवरून किती खोल गेले ते मोजायचे आणि ब्रासचा हिशेब करायचा. आई पहाटे चांदणे असतानाच जाई, दुपारी बाया लिंबाखाली भाकरी सोडीत तेव्हाही टिकाव मारी, आणि दोघांची माती पुरी करी. कारकून सांगे, "सरकारची माती भरली की माझं काही म्हणणं नाही." तोही बिचारा रोजंदारीवरच होता.

आज मी विचार करतो तेव्हा मला हे लपवावेसे वाटत नाही आणि त्याचे समर्थनही करवत नाही. हजेरी खोटी होती. माती खरी होती.

फाल्गुनात एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी हजेरीपट हाती घेऊन एकेक नाव पुकारले. माझ्या नावाला ओ कोणी देईना. "कुठे आहे हा?" त्यांनी विचारले. कारकुनाच्या तोंडचे पाणी पळाले. आई पुढे झाली आणि म्हणाली, "खामगावले चित्रं काढाले गेला." सगळ्या बाया हसल्या. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी टेप मागवला, आमची खंती स्वतः मोजली. ती दोन माणसांची भरली. त्यांनी पुन्हा मोजली. मग कितीतरी वेळ ते त्या खड्ड्याकडे पाहत उभे राहिले, असे आई सांगते.

शेवटी त्यांनी लाल शाईने माझ्या नावावर रेघ ओढली आणि म्हणाले, "बाई, या पटात हजर आणि गैरहजर असे दोनच रकाने आहेत. शिकायला गेला, असा रकाना नाही."

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी कारकुनाची तक्रार वर नेली नाही, आईकडून पैसे परत मागितले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच होते. फीचा दुसरा हप्ता आईने शेळी विकून भरला. अभ्यासक्रम पुरा होऊन एका खाजगी शाळेत मला नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला तेव्हा तो कसला, हे मी मुख्याध्यापकांना विचारले. त्यांनी सांगितले तेव्हा मला काय वाटले ते लिहायला आजवर तीन कादंबऱ्यांत जागा शोधली, सापडली नाही.

आईला माहीत नव्हते, पण 'खंती सोडून दुसरे काही करणारा माणूसही मदतीला पात्र असू शकतो' हे महाराष्ट्राने तिच्या आधीच एका बाजूने मान्य केले होते. १९८८ च्या सुमारास जवाहर विहिरींची आणि १९९० साली फळबागेची जोड रोजगार हमीला मिळाली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात आंबा, डाळिंब, बोर लावावे, खड्डे स्वतः खणावे, आणि त्या मजुरीचे पैसे हमीतून घ्यावे. म्हणजे स्वतःच्या उद्याच्या भाकरीसाठी राबणाऱ्यालाही आजची भाकरी द्यायला सरकार तयार झाले. झाड जमिनीत लावले तर चालत होते. डोक्यात लावले तर मात्र नाही!

मुंबईच्या गिरणी कामगारांची हकीगत याहून कडू आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. १९८६ मध्ये केंद्राने कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी निधी काढला. पहिल्या वर्षी वेतनाच्या पाऊणपट, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी पाव. दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात नोकरी लागली की मदत बंद. त्या उतरत्या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे: तीन वर्षांत हा माणूस दुसरे काही तरी शिकेल आणि उभा राहील. पण कोठे शिकेल, कोण शिकवील, फी कोण देईल, याचे उत्तर कामगारानेच शोधायचे होते. चाळिशी उलटलेला विणकर, त्याने काय शिकायचे होते?

हा पेच आपल्याच वाट्याला आला असेही नाही. इंग्लंडात बेकारीचा विमा १९११ पासून. तिथे १९२० नंतरच्या काळात 'मी खरोखर काम शोधतो आहे' हे बेकाराने सिद्ध करावे लागे. कारखान्यांच्या दारोदार हिंडून नकार गोळा करणे हाच अनेकांचा धंदा होऊन बसला होता. दिवसभर वर्गात बसलेला माणूस काम शोधीत नाही, उद्या बोलावले तर येणार नाही, म्हणून त्याचा भत्ता बंद. अमेरिकेत अनेक राज्ये असेच करीत. शेवटी १९७० साली तिथल्या मध्यवर्ती सरकारने कायदा केला की राज्याच्या यंत्रणेने मान्य केलेले प्रशिक्षण कोणी घेत असेल तर केवळ त्या कारणाने त्याचा भत्ता नाकारता येणार नाही. 'मान्य केलेले' या दोन शब्दांत पुष्कळ भांडणे शिल्लक राहिली, पण दार उघडले. इंग्लंडने मात्र तासांचा हिशेब धरला. १९९६ मध्ये तिथे नवा भत्ता आला तेव्हा आठवड्याला सोळा तासांपर्यंतचे शिक्षण चालेल, अशी मर्यादा घातली. पूर्ण दिवसाचा वर्ग लावणाऱ्याने भत्त्याकडे पाठ फिरवायची. सतरावा तास शिकला की माणूस बेकार राहत नाही, हे गणित त्या देशातल्या कोणत्या मास्तराने सोडवले असेल याचे मला कुतूहल आहे.

आपल्याकडे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००८ पर्यंत सर्व जिल्ह्यांत पोचला. पागेसाहेबांची कल्पना तासगावहून दिल्लीला गेली, एवढेच मी म्हणेन. त्या कायद्यातही बेकारी भत्ता होता: पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढे निदान निम्मा. त्यातले एक कलम मी आता चष्मा लावून वाचले. काम देऊ केले आणि मजूर पंधरा दिवसांत हजर झाला नाही, किंवा एका महिन्यात एकूण आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला, तर तीन महिने तो भत्त्याला मुकत असे. याचा सरळ अर्थ असा की काम मिळत नाही तोपर्यंत तुम्ही खुशाल वर्गात बसा, तुम्हाला कोणी अडवीत नाही. पण बोलावणे आले की पुस्तक मिटा. तीन महिन्यांचा वर्ग असेल आणि दुसऱ्या महिन्यात नाल्याचे काम निघाले, तर दोहोंतले एक सोडा. फी भरून बसलेल्याने काय करावे?

तो रकाना अखेर आला तो २०१९ च्या शेवटी. 'उन्नती' नावाच्या प्रकल्पात शंभर दिवस काम पुरे केलेल्या घरातल्या, अठरा ते पंचेचाळीस वयाच्या एका माणसाला प्रशिक्षणाला पाठवायचे आणि तो शिकतो तेवढे दिवस, जास्तीत जास्त शंभर, राज्याच्या मजुरीच्या दराने त्याला विद्यावेतन द्यायचे, असे ठरले. बुडालेल्या मजुरीची भरपाई! हे वाचताना मला आमची दोन माणसांची खंती आठवली. पण वर्ग मात्र सरकारने ठरवलेला. आपल्या पैशाने, आपल्या निवडीच्या वर्गाला गेलेला मुलगा त्यातही बाहेरच राहिला. पुढे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि शंभर दिवसांचे सव्वाशे केले.

राज्याराज्यांच्या योजना पाहिल्या तर मौज वाटते. कर्नाटकाने २०२३ मध्ये पदवीधरांसाठी भत्ता काढला, त्यात पुढे शिकणाऱ्याला वगळले. छत्तीसगडाने त्याच वर्षी भत्ता काढला, त्यात देऊ केलेले प्रशिक्षण नाकारणाऱ्याला वगळले. एकाकडे शिकलात तर भत्ता गेला, दुसऱ्याकडे शिकला नाहीत तर गेला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये कार्यप्रशिक्षणाची योजना आणली: बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. मॅट्रिकवाल्याचे नाव त्या शिडीच्या एकाही पायरीवर नव्हते. मी स्वतः मॅट्रिक असल्यामुळे हे माझ्या लगेच ध्यानात आले, इतकेच.

आणि माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न? त्याची योजना निराळी. कामगार विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून ती सुरू केली. कारखाना बंद पडला, कपात झाली, अशा कारणाने ज्याचे काम गेले आणि ज्याच्या विम्याची वर्गणी ठरलेली वर्षे भरली गेली आहे, त्याला वेतनाच्या प्रमाणात भत्ता. दुसरी एक योजना २०१८ मध्ये आली. सरासरी रोजंदारीच्या पाव हिश्शाने नव्वद दिवस, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो हिस्सा निम्म्यावर नेला. पहिल्या योजनेत भत्त्याच्या जोडीला नवे कौशल्य शिकण्याची सोयही ठेवलेली आहे. दुसरी नोकरी लागली की भत्ता थांबतो. ज्या योजनेने स्वतःच शिकायला सांगितले, तिला शिकणारा माणूस नोकरदार कसा वाटेल? माझ्या अडाणी बुद्धीला तरी यात अडचण दिसली नाही. तरीपण माझी बुद्धी आणि कचेरीची बुद्धी एकच असेल, अशी हमी मी कशी देऊ?

गणपती बसायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. मी त्याला सांगितले, "वर्ग लाव. पण आधी कचेरीत लेखी कळव की मी स्वखर्चाने शिकतो आहे, यातून मला पगार मिळत नाही, नोकरी मिळताच कळवीन. त्याची पोच शिक्क्यासह घे. कोणी तोंडी 'चालत नाही' म्हटलं तर कोणत्या नियमाने, ते लिहून माग." आम्ही दोघांनी ओसरीवर बसून अर्ज लिहिला. 'प्रशिक्षण' हा शब्द त्याने दोनदा चुकवला, आणि जुन्या सवयीने मी तो त्याच्याकडून पाच वेळा लिहून घेतला.

आई अंबाडीची भाजी निवडीत बसली होती. तिचे वय आता सत्तरीला टेकले आहे. उजवा खांदा वर जात नाही. आमचे बोलणे ती ऐकत होती. तो पायऱ्या उतरू लागला तेव्हा तिने त्याला हाक मारली.

"का रे बाप्पा, तू वर्गाले जाशीन. मंग तुह्या वाटचं घरचं कोन करन?"

"बायको करील म्हणते, माय."

आईने भाजीची परात बाजूला सारली. "तिले घेऊन ये एक दिस इकडे," ती म्हणाली.